४५ सेकंदांत एक अ‍ॅरे : अडत दुकान, मेस आणि लॉजवाल्यांसाठी छोटे व्हिडिओ



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे सांगायचं राहिलं ते इथं सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये थोडी आकडेमोड आहे.

विषय असा आहे. तुम्हाला एक्सेल किंवा गूगल शीट्स बऱ्यापैकी येतं. एमएस-सीआयटी झालंय, कदाचित बीसीए झालंय. पुण्याला जायचं की इथंच काही करायचं, हा विषय घरात जेवताना रोज निघतो. आणि तुमच्या आजूबाजूला बघा. लातूरचं मार्केट यार्ड, गंजगोलाई, ट्यूशन एरिया, इकडं नांदेडचं वजिराबाद. दुकानात कॉम्प्युटर आहे, त्यात एक्सेल आहे, पण त्याचा वापर कसा, तर कॅल्क्युलेटरसारखा. एकेक आकडा, एकेक खाना. काही ठिकाणी तर मुनीम कॅल्क्युलेटरवर गुणाकार करतो आणि उत्तर एक्सेलमध्ये टाइप करतो! हसू नका, हाच तुमचा ग्राहक आहे.

या माणसाला ‘अख्खा कॉलम एकदम’ कसा हाताळायचा हे शिकवणारे ४०-४५ सेकंदांचे मराठी व्हिडिओ बनवायचे आणि त्यातून काम मिळवायचं. हा धंदा होतो का? माझं मत, होतो. पण व्ह्यूजच्या पैशातून होत नाही. त्याचा हिशोब पुढं मांडलाय.

अ‍ॅरे म्हणजे काय, आपल्या भाषेत

आपण लहानपणी पाढे पाठ केले. सातचा पाढा म्हणताना आपण दहा वेगवेगळे गुणाकार केले का? नाही. एक ते दहा ही अख्खी रांग घेतली आणि तिच्यावर ‘सात’ फिरवला. दहा उत्तरं एका दमात आली. अ‍ॅरे प्रोग्रामिंगचा विचार एवढाच आहे. आकड्यांची पूर्ण रांग ही एकच वस्तू समजायची आणि हुकूम एकदाच द्यायचा. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. प्रत्येक रस्त्यावर जाऊन ओरडायचं, की मधोमध उभं राहून एकदाच भोंग्यावर सांगायचं? दुसरी पद्धत म्हणजे अ‍ॅरे.

ही कल्पना कुठून आली हे माहीत असावं, कारण त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. केनेथ आयव्हर्सन हे मूळचे कॅनडाचे. हार्वर्डमध्ये शिकवत असताना त्यांनी विषय समजावून सांगायला सोपं जावं म्हणून स्वतःची एक चिन्हलिपी बनवली. कॉम्प्युटरवर चालवण्याचा प्रश्न नंतर आला. आधी होतं ते वर्ग, फळा आणि खडू. १९६२ मध्ये त्यांचं ‘अ प्रोग्रामिंग लँग्वेज’ हे पुस्तक आलं आणि त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून भाषेला एपीएल हे नाव पडलं. १९७९ मध्ये त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. आज पायथनमध्ये जे नम्पाय वापरतात, किंवा एक्सेलमध्ये २०१८ साली जे डायनॅमिक अ‍ॅरे जाहीर झाले, त्यात तोच विचार आहे.

म्हणजे मुळात ही शिकवण्यासाठी जन्मलेली गोष्ट आहे, आणि थोडक्यात लिहिण्यासाठी जन्मलेली आहे. म्हणून छोट्या व्हिडिओला ती चपखल बसते. लूप शिकवायचा तर काउंटर कुठून सुरू, कुठं थांबणार, मध्ये काय वाढणार, यातच मिनिट जातं. अ‍ॅरेमध्ये एक ओळ लिहिली की निकाल समोर.

एक व्हिडिओ जरूर शोधून बघा. डायलॉग कंपनीचे जॉन स्कोल्स यांनी २००९ मध्ये एपीएलमध्ये ‘गेम ऑफ लाइफ’ लिहून दाखवला होता, साधारण आठ मिनिटांचा. भाषा समजली नाही तरी चालेल. ते एक छोटी पायरी टाइप करतात, लगेच निकाल दाखवतात, मग पुढची पायरी. आपल्याला त्या आठ मिनिटांतली फक्त एक पायरी उचलायची आहे. एक पायरी, एक व्हिडिओ.

पहिला व्हिडिओ पूर्ण लिहून देतो

समजा अडत दुकान. चार शेतकऱ्यांचं सोयाबीन आलं. वजन १२, ८, २०, ५ क्विंटल. भाव ४३००, ४१५०, ४४००, ४०००. (आकडे उदाहरणाचे आहेत, आजच्या बाजारभावाशी संबंध जोडू नका.) मुनीम काय करतो? तिसऱ्या कॉलममध्ये गुणाकार, तो खाली ओढायचा, शेवटी बेरीज. यात अडचण कुठं येते? संध्याकाळी पाचवा शेतकरी आला, ओळ वाढली, पण सूत्र खाली ओढायचं राहिलं. बेरीज चुकली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एक्सेलमध्ये समप्रॉडक्ट नावाचं फंक्शन आहे. जुन्यातल्या जुन्या एक्सेलमध्येही चालतं. इथं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं:

=समप्रॉडक्ट(बी२:बी५, सी२:सी५)

उत्तर १,९२,८००. ताळा करून बघा: ५१,६०० अधिक ३३,२०० अधिक ८८,००० अधिक २०,०००.

आता याची स्क्रिप्ट. मराठीत शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे ४५ सेकंदांना नव्वदच्या आत. तेवढेच लिहायचे.

पहिली तीन सेकंदं: स्क्रीनवर फक्त चार ओळी आणि दोन कॉलम. आवाज: “वजन आणि भाव. एकूण रक्कम किती? सूत्र खाली ओढायचं नाही.”

तीन ते पंधरा: अख्खा वजनाचा कॉलम रंगतो, मग भावाचा. “ही वजनाची रांग. ही भावाची रांग. आपण खाना-खाना बघायचा नाही, रांगेला रांग भिडवायची. पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा.”

पंधरा ते तीस: सूत्र हळूहळू टाइप होतं. “समप्रॉडक्ट. कंस. वजनाची रांग, स्वल्पविराम, भावाची रांग. कंस बंद.” एंटर. उत्तर येतं. इथं दोन सेकंद गप्प बसा. खरंच गप्प बसा, लोकांना आकडा वाचू द्या.

तीस ते पंचेचाळीस: मधे एक ओळ घुसवा, पाचवा शेतकरी टाका, उत्तर आपोआप बदलतं. “ओळ मधे वाढवली, सूत्रानं ती धरली. याला अ‍ॅरे म्हणतात.”

दोन गोष्टी लक्षात घ्या. ‘अ‍ॅरे’ हा शब्द सगळ्यात शेवटी आला. आधी दिला असता तर निम्मे लोक तिथंच पुढं सरकले असते. आणि ओळ मधे घुसवली, शेवटी नाही. बी५ च्या खाली नवीन ओळ लिहिली तर हे सूत्र ती धरतंच असं नाही. व्हिडिओत ‘मधे’ हा शब्द स्पष्ट म्हणा, नाहीतर तुमचं बघून एखादा खाली ओळी लिहीत जाईल आणि त्याची बेरीज कमी येईल. पक्का उपाय म्हणजे रांग आधीच बी२:बी५०० अशी मोठी धरायची. रिकाम्या खान्यांनी काही बिघडत नाही. हा दुसरा व्हिडिओ झाला की नाही?

हो-नाही म्हणजे एक-शून्य

माझ्या मते सगळ्या विषयात मोलाची कल्पना ही आहे, आणि मराठीत ती नीट कुणी समजावलेली मला तरी फारशी दिसत नाही.

त्याच चार पोत्यांच्या ढिगाजवळ ओलावा लिहिलाय: ११, १४, १२, १६ टक्के. १२ पेक्षा जास्त ओलाव्याचा माल किती क्विंटल? मुनीम बोटानं एकेक ओळ तपासेल. आपण रांगेलाच प्रश्न विचारायचा: १२ पेक्षा जास्त आहे का? रांग उत्तर देते: नाही, हो, नाही, हो. आता ‘हो’ला एक समजा, ‘नाही’ला शून्य. ०, १, ०, १. ही रांग वजनाच्या रांगेला भिडवा. ०, ८, ०, ५. बेरीज १३ क्विंटल.

=समप्रॉडक्ट((डी२:डी५>१२)*बी२:बी५)

व्हिडिओत हे दाखवायला कॉम्प्युटर नकोच. टेबलावर चार वाट्या मांडा, त्यात सोयाबीन. ‘नाही’ आलं त्या वाटीवर झाकणी ठेवा. उघड्या राहिलेल्या वाट्या मोजा. झालं! अ‍ॅरेवाले याला मास्क म्हणतात, आपण झाकणी म्हणू. एकदा झाकणी समजली की थकलेली उधारी, फी बाकी असलेले विद्यार्थी, मुदत संपत आलेला माल, सगळे प्रश्न त्याच एका चावीनं उघडतात.

इथं एक खड्डा आहे आणि त्यावर वेगळा व्हिडिओ झालाच पाहिजे. वरच्या सूत्रात चांदणीच्या जागी स्वल्पविराम दिला तर उत्तर शून्य येतं. कारण स्वल्पविराम दिल्यावर समप्रॉडक्ट ‘हो-नाही’ला आकडा मानत नाही, शून्य धरतं. चांदणीनं गुणलं की मग ‘हो’चा एक होतो. “उत्तर शून्य का आलं?” एवढंच शीर्षक द्या. ज्याला हा त्रास झालाय तो थांबून बघतोच. चुकलेल्या उत्तरापासून सुरू होणारे व्हिडिओ मला तर सगळ्यात उपयोगाचे वाटतात.

तसाच दुसरा: एक रांग ६० ओळींची आणि दुसरी ५९ ची धरली तर समप्रॉडक्ट सरळ चूक दाखवतं. वरातीत नवरदेवाचे जोडे एकच निघाल्यासारखं, जोडी जुळत नाही. तिसरा: कुणीतरी खान्यात ‘१२ क्विं.’ असं अक्षरांसकट लिहिलं. स्वल्पविरामाच्या सूत्रात तो खाना गुपचूप शून्य होतो, चांदणीच्या सूत्रात चूक दिसते. मला दिसणारी चूक परवडते, गुपचूप शून्य परवडत नाही.

नांदेडचा लॉज, लातूरची मेस

आडवी रांग आणि उभी रांग भिडली तर काय होतं? पाढ्यांचा तक्ता! वर एक ते दहा, बाजूला एक ते दहा, मध्ये शंभर उत्तरं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात लॉज चालवणाऱ्याला हाच तक्ता हवा असतो. बाजूला खोलीचे दर ८००, १२००, १५००. वर मुक्काम १, २, ३ रात्री. एकच सूत्र, नऊ आकडे. होला मोहल्ला, दसऱ्याच्या गर्दीत काउंटरवरच्या पोराला कॅल्क्युलेटर शोधावा लागत नाही, आणि दर बदलला की अख्खा तक्ता बदलतो.

लातूरच्या मेसवाल्याचं दुखणं वेगळं. दोनशे पोरं, त्यातल्या कुणाचे पैसे राहिलेत? इथं फिल्टर फंक्शन. ‘बाकी’च्या कॉलमला झाकणी लावायची, उघडी राहिलेली नावं दुसरीकडं आपोआप उतरतात. पैसे भरले की नाव आपोआप गायब. मेसवाल्याला हे बघून जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही.

पण थांबा. फिल्टर, आणि एका सूत्रातून अनेक खाने आपोआप भरणं, हे एक्सेल २०२१ किंवा ३६५ मध्ये आहे. २०१९ किंवा त्याआधीच्या एक्सेलमध्ये नाही. आपल्याकडच्या दुकानांत कोणतं एक्सेल असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथं गूगल शीट्स वापरा, फुकट आहे, मोबाइलवर चालतं. तक्त्याचं सूत्र मात्र शीट्समध्ये अ‍ॅरेफॉर्म्युला या फंक्शनच्या कंसात घालावं लागतं. प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात ‘सगळ्या एक्सेलमध्ये चालेल’ किंवा ‘गूगल शीट्स’ अशी पट्टी टाका. ही पट्टी नसेल तर बघणारा घरी करून बघतो, चालत नाही, आणि दोष तुमच्यावर येतो.

रेकॉर्डिंग

यावर फार लिहीत नाही, साधनांच्या मागं लागू नका. उभा व्हिडिओ, १०८० बाय १९२०. एक्सेल आडवं असतं आणि मोबाइल उभा, म्हणून तीन कॉलम आणि पाच ओळींपेक्षा जास्त कधीच दाखवू नका. झूम इतका, की पन्नाशीच्या माणसाला चष्म्याशिवाय आकडा दिसला पाहिजे. कॉम्प्युटरवर ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर आहे, अँड्रॉइड फोनमध्ये बहुतेक वेळा स्क्रीन रेकॉर्डर असतोच. आवाजासाठी गाद्या-रजया असलेल्या खोलीत बसा, पंखा बंद. मागं गाणं लावू नका. एक तर हक्काचा प्रश्न, आणि आकडे समजायला शांतता लागते.

टेबलावर दाखवायच्या वस्तू घरातल्याच घ्या. अंड्यांचा ट्रे, पाच बाय सहा, तीस खड्डे: रांगा-कॉलमचा याच्याइतका स्वस्त नमुना नाही. घरात चालत नसेल तर पेढ्यांचा बॉक्स घ्या, नंतर खाताही येतो.

भाषा आपलीच ठेवा. ‘सरणी’, ‘आव्यूह’ असले शब्द कुणी दुकानात वापरत नाही. कॉलम, ओळ, रांग, खाना, एवढ्यात सगळं बसतं.

आणि एक अजिबात विसरू नका: कुणाच्या दुकानातली खरी शीट व्हिडिओत दाखवायची नाही. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, कुणाला किती भाव दिला, हे बाहेर गेलं तर यार्डात तुम्हाला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. नमुन्याची शीट वेगळी बनवा.

आता पैशाचं बोलू

यूट्यूब शॉर्ट्सवरच्या जाहिरातीत वाटा हवा असेल तर १००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. एक कोटीला नव्वदनं भागा. रोजचे १ लाख ११ हजार. मराठीत समप्रॉडक्ट शिकवून रोज एवढे? दुसरा मार्ग वर्षात ४००० तास बघितलं जाण्याचा, पण त्यात शॉर्ट्स फीडमधले व्ह्यूज धरत नाहीत. म्हणून हा रस्ता डोक्यातून काढून टाका. जे त्याच्या मागं लागतात ते तिसऱ्या महिन्यात एक्सेल सोडून विनोदी रील करायला लागतात.

तुमचा व्हिडिओ ही दुकानाची पाटी आहे. विकायचं आहे ते काम. दुकानात जाऊन त्यांच्या पद्धतीची शीट बसवून देणे, मुनीमाला दोन तास शिकवणे, आणि हंगामात एकदा येऊन तपासणे. समजा शीट बसवायचे २००० रुपये घेतले आणि महिन्याला सहा दुकानं मिळाली, तर १२,०००. त्यासाठी लाखो व्ह्यूज नको, लातूर-नांदेडमधले तीनशे योग्य माणसं पुरेत. ती कुठं आहेत? व्हॉट्सअ‍ॅपवर. व्यापाऱ्यांचे ग्रुप, क्लासवाल्यांचे ग्रुप, आणि तुमचं स्टेटस. व्हिडिओ एका मिनिटाच्या आत ठेवला की स्टेटसला अख्खा लागतो. शॉर्ट्सच्या वर्णनातली लिंक २०२३ पासून दाबता येत नाही, म्हणून नंबर किंवा क्यूआर व्हिडिओतच, शेवटच्या दोन सेकंदांत दाखवा.

कॉलेजची मुलं तुमचे व्हिडिओ नक्की बघतील. नांदेडच्या विद्यापीठाखाली कॉम्प्युटर सायन्स शिकणारी मुलं कमी नाहीत आणि नम्पायमध्ये हीच झाकणी, हाच तक्ता पुन्हा भेटतो. त्यांच्यासाठी महिन्यातून दोन व्हिडिओ करा. पण विद्यार्थी शाबासकी देतो, पैसे दुकानदार देतो. वेळ त्या हिशोबानं वाटा.

फुकटात किती द्यायचं, हे मला नेहमी विचारतात. सूत्र फुकट द्या, सगळं द्या. दुकानदार सूत्रासाठी पैसे देतच नाही. त्याच्या दहा वर्षांच्या विस्कटलेल्या शीटमध्ये ते सूत्र नीट बसवून कुणी तरी जबाबदारी घ्यावी, यासाठी देतो. म्हणून बसवलेल्या प्रत्येक शीटचा ताळा लिहून द्या: जुन्या पद्धतीनं एका दिवसाची बेरीज इतकी, नव्या सूत्रानं इतकी, दोन्ही सारख्या, खाली तारीख आणि तुमची सही. शेतकऱ्याची पट्टी त्या आकड्यावर निघणार आहे. क्विंटलमागं शंभर रुपये चुकले तर वीस क्विंटलला दोन हजार होतात, आणि ते कुणाच्या तरी घरचे असतात.

हंगाम बघून विषय घ्या. मे-जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, तेव्हा क्लास, मेस, हॉस्टेलवाल्यांना फी-बाकीची झाकणी लागते. सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या आसपास वाढते आणि तेव्हा अडत्याला मान वर करायला वेळ नसतो. त्याचे व्हिडिओ ऑगस्टमध्येच तयार ठेवा, पोळ्यानंतर स्टेटसला टाकायला सुरुवात करा आणि शीट घटस्थापनेच्या आधी बसवून द्या. घटस्थापनेनंतर त्याला नवीन काही सांगायला गेलात तर चहा मिळेल, काम मिळणार नाही.